चंदनाची फळं आणि आबांचा हातगुण

आमच्या घरात पिठाशिवाय काही नव्हतं, असं म्हटलं तर लोकांना वाटतं मी गरिबी सांगतेय. गरिबी कसली! आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती आणि आमचं घर गिरणीच्या पाठीला पाठ लावून उभं होतं. त्यामुळे पीठ सगळीकडे. देवाच्या तसबिरीवर पीठ, वाळत घातलेल्या लुगड्यावर पीठ, मायच्या भुवयांवर पीठ. सोनगीरचा किल्ला आमच्या मागच्या दारातून दिसायचा, आणि समोरून आग्रा रोडच्या ट्रकांचा आवाज दिवसभर यायचा, पण तो आम्हाला ऐकू यायचा तो लाईट गेल्यावरच. एरवी पट्ट्याची फटफट आणि दगडांची घरघर. अजूनही कुठे गिरणी चालू असली की मी आपोआप मोठ्यानं बोलायला लागते. सुना हसतात. हसू देत.

आबा गिरणीत अनवाणी वावरायचे. अन्नाच्या जागी चप्पल नको, हा त्यांचा हट्ट. दादरीचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, सगळं पायांवर बसून पाय घोट्यापर्यंत पांढरे होत. दगड गुळगुळीत झाले की ते वरचा दगड उतरवत आणि छिन्नी-हातोडी घेऊन स्वतः टाकी मारत बसत. ठक ठक ठक, आणि दगडाच्या बारीक कपच्या उडत. माय ओरडायची, "डोया सांभाळा!" डोळ्यांचीच काळजी होती आम्हाला सगळ्यांना. पायांकडे कुणाचं लक्ष?

परसात कडुनिंबाला खेटून चंदनाचं झाड होतं. ते कुणी लावलेलं नव्हतं, पाखरांनी बी टाकली आणि उगवलं. चंदनाला म्हणे एकट्यानं जगता येत नाही, शेजारच्या झाडाच्या मुळांत मूळ घालून तो वाढतो. म्हणूनच असेल, आमच्या कडुनिंबाची एक बाजू कायम मरगळलेली असायची. लोक चंदन म्हटलं की लाकडाचं विचारतात, आमच्याकडे मात्र मान होता फळांना. वाटाण्यापेक्षा जरा मोठं फळ, पिकलं की काळंजांभळं, आत एक टणक बी आणि गर नावापुरता. चव जराशी गोड, जराशी तुरट. बुलबुल त्याच्यावर तुटून पडत आणि पाठोपाठ आम्ही पोरं. मग जांभळ्या जिभा काढून एकमेकांना वेडावणं चालायचं. तेव्हा ते फळ म्हणजे नुसतं फळ होतं, औषध नव्हतं.

औषध होतं ते मोठ्या बाबांच्या हातात. मोठे बाबा म्हणजे आबांचे थोरले काका. आमच्याकडचा उन्हाळा ठाऊक असलेल्याला सांगायला नको. कुणाला उन्हाळी लागायची, लघवीला आग व्हायची, कुणाचं तोंड यायचं, कुणाच्या तळपायांची भट्टी व्हायची. अशांना मोठे बाबा मूठभर फळं द्यायचे. हंगाम नसला की वाळवलेली द्यायचे, रात्रभर तांब्यात भिजवून सकाळी ते पाणी प्यायचं. बरं वाटायचं लोकांना. मोठे बाबा गेले तेव्हा जाण्याआधी त्यांनी आबांचा हात आपल्या हातात घेतला आणि हातगुण सोपवला. त्याबरोबर नेम सोपवले. आलेल्याला नाही म्हणायचं नाही. कुणाकडून काही घ्यायचं नाही, पैसा तर सोडाच, नारळ नाही, खणाचा तुकडा नाही. आणि देणाऱ्यानं दुसऱ्याचं औषध पोटात घालायचं नाही. ज्याचा आपल्याच औषधावर भरवसा नाही त्याच्या हाताला कसला आलाय गुण? यातला एक नेम मोडला तरी गुण जातो, आणि एकदा गेला की गेला.

हे नेम घरातल्या सगळ्यांना लागू होते. मी लहान असताना एका म्हातारीनं माझ्या हातावर शेंगदाण्याच्या चिक्कीची वडी ठेवली होती. ती तोंडात जायच्या आत आबांनी माझ्या मनगटावर असा फटका मारला की वडी ओट्याखाली जाऊन पडली आणि मी तासभर भोकाड पसरलं. रागीट माणूस नव्हता तो. त्या फटक्यात भीती होती, हे मला पुष्कळ पुढे कळलं.

माझी दहावी गणितात अडकली आणि मी घरी बसले, त्या सुमारास साखरेचा आजार आमच्या भागात लोकांच्या तोंडी आला. आधी तो धुळ्याच्या शेटजींना व्हायचा, आता तो गावातल्या लोकांनाही व्हायला लागला. शिरपूरकडच्या एका बाईनं आबांची फळं खाल्ली आणि तिची साखर उतरली. झालं. आग्रा रोडवर बातमी ट्रकापेक्षा जोरात पळते. दर रविवारी आमच्या ओट्यावर माणसं बसायला लागली, साक्रीहून, पारोळ्याहून, कुठून कुठून. आबा प्रत्येकाला फळांची पुडी द्यायचे आणि पथ्य सांगायचे: चहात साखर नाही, भात नाही, गूळ नाही, सकाळी शेतापर्यंत पायी जाऊन यायचं. आता मी म्हणते, एवढं पथ्य पाळलं तर पुडीत खडे बांधून दिले असते तरी साखर खाली आली असती! पण तेव्हा हे म्हणायची कुणाची छाती नव्हती.

परवाच माझ्या भाचीनं मोबाइलवर एक मजकूर पाठवला. चंदनाच्या फळाचे फायदे. रक्त शुद्ध, त्वचा तुकतुकीत, साखर आटोक्यात, आणखी काय काय. खाली हात जोडल्याची चित्रं. मी फळाला नावं ठेवत नाही. मी ते पोटभर खाल्लंय, माझं काही बिघडलं नाही. त्यात काही गुण असेलही, तपासणारे तपासोत आणि छातीठोक सांगोत, मी पहिली ऐकेन. पण फळ खाऊन डॉक्टरची गोळी बंद करा, असं कुणी सांगितलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी भाचीला फोन लावून असं झापलं की बिचारी म्हणाली, मावशी, मी नुसतं पुढे पाठवलं गं.

कारण आबांना स्वतःलाच साखर होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी ती पकडली होती, गोळ्या दिल्या होत्या आणि आबा त्या घेतही होते, गुपचूप, सांजेच्या भाकरीनंतर. तोवर ते फक्त उन्हाळी लागलेल्यांना फळं देत होते, तेव्हा मनाची समजूत घालता येत होती की आजार वेगळा, औषध वेगळं. पण साखरेचीच माणसं दारात बसायला लागली आणि आबांच्या जिवाला ते खायला लागलं. लोकांना फळं द्यायची आणि आपण गोळी गिळायची? एका सकाळी त्यांनी गोळ्यांची पाकिटं चुलीत टाकली आणि तांब्यातलं फळांचं पाणी घटाघटा प्यायले. मायनं पाहिलं. ती चुलीपुढे बसून राहिली आणि तव्यावरची भाकरी करपली.

त्यानंतर तहान सुरू झाली. आबा सारखे पाणी प्यायचे. माठ भरून ठेवावा तो दुपारी रिकामा. गळ्यातली हाडं वर आली. परसात भिंतीकडेला पुरुषमाणसांची लघवीला जायची जागा होती, आणि एक दिवस सकाळी मी झाडायला गेले तर तिथे मुंग्यांची रांग. काळी, जाड, थेट भिंतीच्या बुडाशी जाऊन पसरलेली. साखरेच्या माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे ओट्यावर बसणाऱ्या लोकांच्या बोलण्यातून मला पाठ झालं होतं.

मी आबांना भिंतीकडच्या मुंग्यांचं सांगितलं, "आबा, तठे मुंग्या शेत."

"फळेसनं पानी तठेच जास," आबा म्हणाले. "मुंग्या येतीन नही तं काय हत्ती येतीन?"

बोलणं बरोबर होतं. फळं धुतल्याचं गोडसर पाणी आम्ही परसातच ओतायचो. पण माझं मन मानेना. मी हट्टानं फळं दुसऱ्या बाजूला, पार तुळशीच्या पलीकडे नेऊन धुवायला लागले. तिथे पाच-पन्नास मुंग्या येऊन गेल्या असतील. भिंतीकडे मात्र, जिथे आता फळाच्या पाण्याचा थेंब पडत नव्हता, तिथे रोज दुपारपर्यंत रांग लागलेली. आणि सकाळी पाहावं तर तीच जागा राखेनं झाकलेली! हे मला काही केल्या समजेना. मग एका पहाटे मी जागी राहिले आणि पाहिलं, माय चुलीतली राख परातीत भरून नेत होती.

"माले माहीत शे," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "मी रोज राख टाकस."

"मग सांगत काबरं नही?"

"कोनले सांगू? त्यास्ले माहीत नही का?" आणि पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. आवाज न करता रडायची तिला सवयच होती, गिरणीच्या घरघरीत एरवी त्याची गरजही नव्हती, पण त्या वेळी गिरणी बंद होती.

मायनं एकदा डाळीत गोळी कुटून घातली. धुळ्याहून कुणाकडून तरी तिनं ती मागवली होती. पहिल्याच घासाला आबा थांबले. पिठातला भेसळीचा दाणा जिभेवर ओळखणारा माणूस तो, त्याला डाळीतली गोळी कळणार नाही? ताट त्यांनी बाजूला सरकवलं, आणि त्या दिवसापासून घरातल्या जेवणाकडे ते संशयानं बघायला लागले. स्वतःच्या हातानं भाकरी थापायचे, ठेच्याबरोबर खायचे. बायकोच्या हातचं खाईनात. मायला ते मरणाहून जड गेलं.

आणि मग पाय. गिरणीत मी डबे उतरवून घेत होते, आबा दाणे सोडायच्या झडपेशी उभे होते. त्यांचे पाय नेहमीसारखे पांढरे, पण डाव्या अंगठ्यावरचं पीठ ओलं झालेलं. कणकेसारखा गोळा झाला होता तिथे, आणि त्याला तांबूस रंग. मी खाली बसले. टाकी मारताना उडालेली दगडाची कपची अंगठ्यात बसली होती, कधी बसली होती देव जाणे, आणि भोवतालचं मांस काळसर पडलं होतं. वास येत होता.

"आबा, दुखस का?"

"नही दुखत," ते म्हणाले, आणि पाय मागे घेतला. "दुखी तं दखसू."

दुखलं तर बघणार म्हणे, पण साखरेनं पाय बधिर झालेला, दुखत नाही हीच तर बोंब होती. मी तिथेच भांडायला उभी राहिले. डबे घेऊन आलेल्या बायका बघत होत्या, बघू देत म्हटलं. मी म्हणाले धुळ्याला चला, आत्ता चला. आबांनी गिरणी बंद केली. एवढ्या दळणात त्यांनी गिरणी बंद केलेली मी कधी पाहिली नव्हती. एकदम शांतता झाली आणि परसातले बुलबुल ऐकू यायला लागले.

"इंदे," ते अगदी हळू म्हणाले, "आते गोळी खादी तं त्या बठ्ठास्ले काय तोंड दाखाडू? माना भरवसावर बठेल शेत त्या."

"आणि मरी गयात तं काय तोंड दाखाडशात?"

ओट्यावरच्या सगळ्यांना तोंड कसं दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशातला माणूस. पण त्यांचा चेहरा हट्टी नव्हता, हे मला आजही सांगायचंय. घाबरलेला होता. हातातून काहीतरी निसटेल आणि मागे एवढी माणसं उघड्यावर पडतील, अशी ती भीती होती. त्या आठवड्यात अंगठ्याचा काळेपणा शेजारच्या बोटावर आला. मी रोज बघत होते, माय रोज बघत होती, आणि आबा त्यावर पीठ चोळत होते.

रविवार आला. ओटा भरला. माणसं भिंतीला टेकून बसली होती, आबा पाटावर, डावा पाय धोतराखाली झाकलेला. सावद्याची एक बाई रांगेत होती. केळीच्या बागेवाल्यांच्या घरातली, अंगानं भरलेली, हसतमुख. तिला उन्हाळीचा त्रास होता आणि तो गेला होता. तिनं पिशवीतून केळ्यांची एक फणी काढली, अशी पिवळीधमक, की रांगेतल्या सगळ्या साखरवाल्यांचे डोळे तिथे गेले.

"मले लय गुण आला आबा," ती म्हणाली. "घरच्या बागातली केयं हायेत, इकत आणेल नाहीत. नाही म्हनू नका." केळ्याला ती केयं म्हणायची, रावेर-सावद्याकडे तसंच म्हणतात.

"अक्का, माफ करा," आबांनी हात जोडले. "आठे काही लेतस नही."

बाईनं फणी आबांच्या समोर ओट्याच्या कडेवर ठेवलीच. आबा म्हणाले, परत न्या अक्का, भलतं होईल. मी दारात उभी होते. आबा फणी तिच्याकडे सरकवायला वाकले तेव्हा धोतर सरकलं आणि मला तो पाय दिसला. ती दोन बोटं दिसली. आणि त्या क्षणी मला लख्ख कळलं की या माणसाला गोळी घ्यायला कुणीही लावू शकणार नाही, जोवर त्याच्या हातात राखण्यासारखं काही आहे तोवर.

मी पुढे गेले. फणीतलं केळं तोडलं. सोललं. आणि सगळ्यांच्या समोर, आबांच्या समोर, खाल्लं. घास मोठा होता, घशाखाली उतरेना, पण मी तो उतरवला आणि दुसरा घेतला. शेवटपर्यंत खाल्लं. साल हातात धरून उभी राहिले. कुणीतरी मागून "अरे देवा" म्हणालं. सावद्याची बाई तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली, "मी काय पाप केलं वं माय!"

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांचा हात वर आला, मला वाटलं आता बसते. मी डोळे मिटले नाहीत. हात तसाच खाली आला.

"काय करं तू हाई?"

"भूक लागनी व्हती," मी म्हणाले.

माणसं उठली. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मिळालेल्या पुड्या एकेकानं ओट्यावर परत ठेवल्या आणि सगळी चपला घालून रस्त्याला लागली. एक म्हातारा जाताना आबांच्या पाया पडला, जसं कुणाच्या घरी मयत झाल्यावर भेटून निघावं तसं. थोड्या वेळात ओट्यावर आबा, पुड्यांचा ढीग आणि उरलेली केळी. तेव्हा माय बाहेर आली. तिच्या हातात आबांच्या चपला होत्या. त्या तिनं धुळ्याला निघायला त्यांच्या पायाशी ठेवल्या.

"चला आते धुयाले," ती म्हणाली. "आते राखाले काय ऱ्हायनं?"

आबांनी पुड्यांचा ढीग बाजूला सारला. मग त्यांनी भिंतीला हात लावला आणि उठायचा प्रयत्न केला. डाव्या पायावर भार देता येईना. मी आणि मायनं दोन्हीकडून धरलं. त्यांनी मायच्या खांद्यावर भार टाकला, माझ्या नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात त्यांची दोन बोटं काढली. अजून उशीर केला असता तर गुडघ्याखालून पाय गेला असता, किंवा माणूसच, असं डॉक्टर मायला म्हणाले. इंजेक्शनं चालू झाली. नर्सबाई यायच्या, आबा भिंतीकडे तोंड करून दंड पुढे करायचे. माझ्याशी ते बोलत नव्हते. मी घरून डबा न्यायचे, डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी, कळण्याची भाकरी. ते मायच्या हातून खायचे. माझ्या हातून पाण्याचा तांब्याही घेत नव्हते. गावात तर माझं नाव केळखाई पडलं होतं. पोरीनं बापाचा हात बुडवला, म्हणत. माझी दोन स्थळं त्यावरून मोडली, अशी पोर घरात आणून आपलंही काही बुडवून घ्यायचं का, असा त्यांचा विचार. मला राग यायचा, रडू यायचं, पण एकदाही मला असं वाटलं नाही की खायला नको होतं. आजही वाटत नाही. परत ती वेळ आली तर अख्खी फणी खाईन.

एका दुपारी माय कपडे धुवायला खाली गेली होती. वॉर्डात पंखा करकरत होता. नर्सबाईंनी गोळी माझ्या तळहातावर ठेवली, म्हणाल्या, जेवण झालंय ना, मग दे त्यांना, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मी गोळी धरून उभी. आबा छताकडे बघत पडलेले. द्यावी कशी हेच मला सुचेना.

"इंदे," ते छताकडे बघतच म्हणाले. "केळं गोड व्हतं का वं?"

मी गोळी मुठीत धरली. "आबा, चवच समजनी नही."

"मंग फुकटच गयं," ते म्हणाले.

आणि चादरीखालून त्यांनी हात बाहेर काढला, उताणा, माझ्यापुढे धरला. मी त्यावर गोळी ठेवली.